‘सौम्य’ या एका शब्दाबद्दल : मेंदूच्या दुखापतीवर संशोधन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मेंदूच्या आघातावर संशोधन करणारे, त्या संशोधनाला निधी देणारे आणि त्यावरून उपचारांचे निकष ठरवणारे सर्व संबंधित यांस,

विषय : डोक्याला लागलेल्या मुक्या माराला ‘सौम्य’ ठरवून रुग्णाला वाऱ्यावर सोडण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे. तेवीस वर्षे दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातल्या वेलांट्या, उकार आणि अनुस्वार तपासून मी पोट भरले. वैद्यकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. तरीही हे पत्र लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी मानते, कारण आपल्या शास्त्रातल्या एका चुकीच्या शब्दाची किंमत मी वीस महिने मोजते आहे, आणि चुकीचा शब्द दिसला की त्याखाली रेघ मारायची हेच माझे काम आहे.

वीस महिन्यांपूर्वी जिना उतरताना शेवटून दुसऱ्या पायरीवर माझा पाय घसरला आणि डोक्याची मागची बाजू कठड्याच्या खांबावर आदळली. रक्त आले नाही. टेंगूळ आले, तेही दोन दिवसांत बसले. शुद्ध हरपली होती की नाही हे मला सांगता येत नाही. पाय घसरल्याचे आठवते, कोणीतरी हातात पाण्याचा पेला दिल्याचे आठवते, मधले काहीच आठवत नाही. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात मला नाव आणि तारीख विचारली, हात वर करायला सांगितले. सगळे जमले. पंधरापैकी पंधरा गुण मिळाले, जे मला शाळेतही कधी पडले नव्हते. सीटी स्कॅन झाला, त्यात काही निघाले नाही, आणि चार तासांनी मी घरी आले. हातातल्या डिस्चार्जच्या कागदावर चार ओळी होत्या : ‘माइल्ड हेड इंज्युरी. सीटी नॉर्मल. पूर्ण विश्रांती. गरज वाटल्यास दाखवणे.’

त्या डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना जे शिकवले गेले तेच त्यांनी लिहिले, आणि माझ्या मागे रांगेत हात मोडलेला एक मुलगा रडत बसला होता. पण या चारही ओळींविरुद्ध जाणारे पुरावे आपण स्वतः, आपल्याच नियतकालिकांतून प्रसिद्ध केलेले आहेत. ते त्या कागदापर्यंत का पोहोचले नाहीत, हे विचारण्यासाठी हे पत्र आहे.

आधी पुढे काय झाले ते सांगते. चौथ्या आठवड्यात मी कामाला बसले तेव्हा ओळ जागेवर थांबेना. एक ओळ संपवून नजर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला यायची, ती मधली ओळ गाळून तिसऱ्याच ओळीवर उतरायची. या धंद्यात नवखे लोक ओळीखाली पट्टी धरून वाचतात, तशी मी पट्टी धरू लागले. दोन पाने झाली की डोळ्यांमागे ठणका सुरू व्हायचा, मळमळायचे, आणि शेजारच्या खोलीत कोणी कागद चुरगाळला तरी तो आवाज डोक्यात घुसायचा. तिसऱ्या महिन्यात एका संस्थेच्या विशेषांकाचे मुखपृष्ठ माझ्या हाताखालून गेले आणि त्यावर ठळक टाइपात ‘वर्धापनदीन’ छापले गेले. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक दिसला नाही म्हणून जिची नोकरी जाऊ शकते अशी बाई मी. मला तो दिसला नव्हता. लोक हसले, त्यात त्यांची चूक नाही. पण त्यानंतर मी मुखपृष्ठे घेणे थांबवले, मग पुस्तके थांबवली. पूर्वी दिवसाला साठ-सत्तर पाने तपासायचे, आता आठ-दहा तपासते, तीही सकाळच्या पहिल्या दोन तासांत.

याच काळात आपले संशोधन मी वाचले, म्हणजे माझ्या पुतणीने मला ते मोठ्याने वाचून दाखवले. पुढे जे लिहिते आहे ते त्याच्या आधारे.

कागदावरची पहिली ओळ ‘माइल्ड’, म्हणजे सौम्य. हे विशेषण येते ग्लासगो येथे ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीवरून. रुग्ण डोळे कशाने उघडतो, काय बोलतो आणि सांगितलेली हालचाल करतो का, या तीन गोष्टींना गुण देऊन शुद्ध किती हरपली आहे हे खाटेशेजारी उभे राहून मोजता यावे, एवढाच त्या मोजपट्टीचा हेतू होता आणि त्या कामात ती आजही उपयोगी आहे. पुढे बेरजेचे तीन तुकडे पाडले गेले : ३ ते ८ तीव्र, ९ ते १२ मध्यम, १३ ते १५ सौम्य. पहिल्या तासात माणूस किती शुद्धीवर आहे या प्रश्नाचे उत्तर, पुढच्या वर्षात तो कसा असेल याचे भाकीत म्हणून वापरले जाऊ लागले. पुस्तकाची पाने मोजून त्यात चुका किती असतील हे सांगण्यासारखाच हा प्रकार आहे.

भाकीत खोटे ठरते हे आपणच दाखवून दिले आहे. अमेरिकेतील ‘ट्रॅक-टीबीआय’ या मोठ्या अभ्यासातील निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ‘सौम्य’ दुखापत झालेल्यांपैकी ५३ टक्के रुग्णांच्या दैनंदिन व्यवहारात एक वर्षानंतरही काही ना काही अडचण उरलेली होती. हाडे मोडून त्याच रुग्णालयांत आलेल्या, पण डोक्याला मार न लागलेल्या रुग्णांत हे प्रमाण ३८ टक्के होते. हा दुसरा आकडा मी मुद्दाम देते आहे, कारण कोणताही अपघात माणसाला मागे खेचतो आणि सगळ्याच त्रासाचे खापर मेंदूवर फोडणे मला मान्य नाही. तरीही दोन आकड्यांमधले अंतर उरतेच, आणि ज्या दुखापतीनंतर निम्म्याहून अधिक माणसे वर्षभरात पूर्ववत होत नाहीत तिला सौम्य म्हणणे भाषेच्या कोणत्याही नियमात बसत नाही.

या वर्गीकरणाने आपले स्वतःचेही नुकसान झाले आहे. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक आघातानंतर मेंदूला वाचवील अशी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून मोठी आशा निर्माण झाली होती. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकाच वेळी आले आणि दोन्हींत मिळून दोन हजारांहून अधिक रुग्णांवर त्याचा काही उपयोग दिसला नाही. ते रुग्ण मध्यम आणि तीव्र गटांतले होते. कोणाच्या मेंदूत रक्ताची गाठ, कोणाच्या मेंदूतले तंतू ताणलेले, कोणाला सूज, आणि सगळे एका बेरजेखाली एकाच गटात. अशा अपयशांमागे औषधाइतकाच या सरमिसळीचा दोष असावा असे आपल्यातले अनेकजण आता म्हणतात. मला ते पटते.

मे २०२५ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात १४ देशांतील तज्ज्ञांनी आणि रुग्णांच्या प्रतिनिधींनी मिळून नवी चौकट सुचवली. लक्षणे व तपासणी, रक्तातील निदर्शके (दुखापत दाखवून देणारी प्रथिने), मेंदूची प्रतिमा आणि रुग्णाची पूर्वपीठिका व परिस्थिती अशा चार अंगांनी दुखापतीचे वर्णन करावे, आणि सौम्य-मध्यम-तीव्र ही विशेषणे हळूहळू सोडावीत, असे ती सांगते. पुतणी हा भाग वाचत होती तेव्हा मी तिला थांबवून तो पुन्हा वाचायला लावला. परंतु प्रस्ताव छापून येणे आणि तातडीच्या विभागातल्या छापील नमुन्यावरचा शब्द खोडला जाणे यांत किती वर्षे जाणार आहेत, हे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

दुसरी ओळ, ‘सीटी नॉर्मल’. या दोन शब्दांनी मला सर्वांत जास्त छळले आहे, कारण घरच्यांपासून ज्यांच्यासाठी मी काम करते त्या प्रकाशकांपर्यंत सर्वांच्या तोंडी नंतर एकच वाक्य होते : ‘पण स्कॅन तर नॉर्मल आला ना!’

सीटी स्कॅन काय पाहतो? मोडलेली कवटी पाहतो, साचलेले रक्त पाहतो, मोठी सूज पाहतो. जीव वाचवण्यासाठी हे पाहणे आवश्यकच आहे. पण १९४३ मध्ये ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी कवटीच्या आकारात जिलेटिन भरून दाखवून दिले होते, की डोके झटक्याने फिरते तेव्हा आतला मऊ पदार्थ स्वतःवरच घसरतो आणि ताणला जातो. कवटी थांबते, आतले सगळे क्षणभर फिरतच राहते. जे ताणले जातात ते मज्जातंतूंचे धागे केसापेक्षाही कितीतरी बारीक असतात, आणि सीटीच्या चित्रात एकेकटा धागा कधीच दिसत नाही. तो धागा तुटतोच असे नाही. त्याच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर झिरपते, कॅल्शियम आत शिरते, हा तोल पुन्हा सावरण्यासाठी पेशीला एरवीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, आणि नेमक्या त्याच वेळी रक्तपुरवठा मात्र कमी झालेला असू शकतो. गिझा आणि होवडा यांनी २००१ मध्ये हा सगळा क्रम एकत्र मांडला. मराठीत रक्त न येता लागलेल्या माराला ‘मुका मार’ म्हणतात. ज्याने कोणी हा शब्द पहिल्यांदा वापरला असेल त्याला या दुखापतीचे मर्म कळले होते असे मला वाटते : मार बोलत नाही, म्हणून लागलाच नाही असे होत नाही.

२०१३ मधील एका अभ्यासात सीटी नॉर्मल आलेल्या ‘सौम्य’ रुग्णांचे काही दिवसांतच एमआरआय केले, तेव्हा त्यांपैकी २७ टक्के रुग्णांच्या मेंदूत दुखापतीच्या खुणा सापडल्या. म्हणजे स्कॅन नॉर्मल होता, मेंदू नव्हता. सर्वांचा एमआरआय करा असे मी म्हणत नाही. ते जगात बहुतेक ठिकाणी शक्य नाही. ‘सीटीमध्ये रक्तस्राव किंवा हाड मोडल्याचे दिसले नाही, मेंदूला इजा झालीच नाही असा याचा अर्थ नाही’ एवढे वाक्य छापायला मात्र कोणतेही यंत्र लागत नाही.

आता याच्याच पुढची भीती. रक्तातील जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या दोन प्रथिनांवरून सीटीची गरज आहे की नाही हे ठरवणाऱ्या तपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि २०२४ मध्ये रुग्णाच्या शेजारीच, रक्ताच्या नमुन्यावर सुमारे १५ मिनिटांत होणाऱ्या तपासणीलाही दिली. यातले पहिले प्रथिन मेंदूतल्या आधारपेशींतून येते, दुसरे मज्जापेशींतून. काम उत्तम आहे; अनावश्यक किरणोत्सर्ग टळेल, लहान गावातल्या दवाखान्यालाही निर्णय घेता येईल. पण ही तपासणी ‘सीटीवर काही दिसण्याचा संभव आहे का’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देते. ‘कन्कशन (धक्क्याने मेंदूचे काम बिघडणे) झाले आहे का’ आणि ‘हा माणूस केव्हा बरा होईल’ हे प्रश्न तिला विचारलेलेच नाहीत. तरीही माझ्यानंतर जिन्यावरून पडणाऱ्या बाईला उद्या ‘रक्त नॉर्मल आहे, घरी जा’ असे सांगितले जाईल याची मला खात्री वाटते, आणि तसे झाले तर मोठ्या कष्टाने शोधलेल्या साधनाने जुन्याच चुकीला नवे कपडे दिले असे होईल.

तिसऱ्या ओळीवर मी थोडक्यात लिहिते, पण राग याच ओळीचा जास्त आहे. ‘पूर्ण विश्रांती’ हे मी शब्दशः पाळले. तीन आठवडे पडदे ओढून, फोन बंद करून, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. झोपेची घडी विस्कटली, मानेत गाठी आल्या, उठून चालले की घेरी येऊ लागली, आणि दिवसभर डोक्यात एकच विचार, की आपण आता अशाच राहणार. त्याच्या कितीतरी आधी, २०१५ मध्ये, ११ ते २२ वर्षांच्या रुग्णांवर केलेल्या चाचणीत पाच दिवस कडक विश्रांती घेणाऱ्यांना एक-दोन दिवस विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा जास्त लक्षणे जाणवल्याचे दिसले होते. २०१९ मध्ये किशोरवयीन खेळाडूंवरील चाचणीत, लक्षणे वाढणार नाहीत इतक्या बेताचा व्यायाम लवकर सुरू करणारे साधारण १३ दिवसांत बरे झाले, नुसते अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) हलके व्यायाम करणारे १७ दिवसांत. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅमला जमलेल्या तज्ज्ञांनी २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती आणि मग हळूहळू हालचाल, असे स्पष्ट सांगितले. ते २०२३ मध्ये प्रसिद्धही झाले. हे सर्व खेळाडूंसाठी आणि बहुतांशी तरुणांसाठी होते हे मला कळते. पण जिन्यावरून पडलेल्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाईचा मेंदू वेगळ्या मातीचा असेल असे वाटत असेल, तर तिच्यावरही चाचण्या करा. आणि वाटत नसेल, तर हा सल्ला मैदानाच्या कडेलाच का अडकून पडला आहे?

चौथी ओळ, ‘गरज वाटल्यास दाखवणे’. कोणाला वाटल्यास? ज्या मेंदूला मार लागला आहे, ज्याची स्मृती, लक्ष आणि निर्णयशक्ती यांवरच परिणाम झालेला असू शकतो, त्या मेंदूनेच स्वतःची तपासणी करून गरज ठरवायची आहे. मला ती गरज वाटायला पाच महिने लागले, कारण मी आळशी झाले आहे असे मला आणि घरच्यांना वाटत होते. पाच महिन्यांनंतर नेत्रतज्ज्ञाने माझ्या नाकाच्या दिशेने पेन आणत आणत मला विचारले, ‘एक दिसतंय की दोन?’ पेन हातभर लांब होते तेव्हाच मला दोन दिसू लागली होती. जवळचे पाहण्यासाठी दोन्ही डोळे आत वळवण्याची क्रिया कमजोर झाली होती. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. ओळ का घसरते याचे उत्तर त्या अर्ध्या मिनिटात मिळाले, आणि डोळ्यांचे व्यायाम सुरू झाल्यावर माझी पाने चारांवरून आठ-दहांवर आली.

माझा अनुभव अपवादात्मक नाही, हेही आपल्याच कागदांत आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अमेरिकेतील मोठ्या आघात केंद्रांतून घरी पाठवलेल्या ८३१ ‘सौम्य’ रुग्णांपैकी निम्म्याहून कमी रुग्णांना काय काळजी घ्यावी याची माहिती दिली गेली होती, आणि तीन महिन्यांत कोणत्याही वैद्यकीय व्यक्तीला भेटलेलेही निम्म्याहून कमीच होते. संशोधन जिथे चालते त्या केंद्रांची ही स्थिती असेल, तर इतरांची काय असेल? मुलांच्या बाबतीत तर कॅनडातील तीन हजारांवर मुलांच्या अभ्यासावरून, कोणाची लक्षणे महिनाभरानंतरही टिकतील याचा अंदाज देणारी साधी गुणपत्रिका २०१६ मध्येच तयार झाली आहे. प्रौढांसाठी तितकीच साधी, रोज वापरात असलेली गुणपत्रिका मला कुठेही भेटली नाही.

शिवाय परिणाम मोजायला आपण जी पट्टी वापरता, तीही ग्लासगोचीच. तिच्या विस्तारित रूपात आठ पायऱ्या आहेत आणि ती मुळात मरणाच्या दारातून परत आलेल्यांसाठी होती. मी एकटी राहू शकते, खरेदी करू शकते, प्रवास करू शकते, काम थोडे का होईना करते. त्या पट्टीवर मी जवळजवळ शिखरावर आहे. साठ पानांची आठ पाने झाली हे तिला दिसत नाही.

आता जे त्या कागदावर नव्हते त्याबद्दल. आपल्या अभ्यासांत कोण असते आणि कोण नसते? जगात दरवर्षी सुमारे ६ कोटी ९० लाख लोकांच्या मेंदूला आघात होतो असा २०१८ मधील एक अंदाज आहे, आणि त्यातला मोठा वाटा गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांचा आहे; पण ज्यांची नावे सतत घेतली जातात ते दोन मोठे अभ्यास, म्हणजे वर आलेला ‘ट्रॅक-टीबीआय’ आणि ‘सेंटर-टीबीआय’, अमेरिकेत आणि युरोपात झाले. वृद्ध माणसे पडतात, आणि पडणे हे या दुखापतीचे एक प्रमुख कारण आहे, तरी वयाची मर्यादा घालून अनेक चाचण्यांतून त्यांनाच वगळले जाते. बायकांचे तर काय सांगावे? २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की स्त्रीच्या मज्जापेशींचे तंतू पुरुषाच्या तंतूंपेक्षा बारीक असतात, त्यांच्या आतल्या आधारनलिका कमी असतात, आणि तेवढ्याच ताणाने त्यांचे जास्त नुकसान होते. म्हणजे फरक सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो आहे. पण प्रयोगशाळेतले उंदीर दशकानुदशके बहुतांशी नरच राहिले आहेत. आणि ज्या बायकांना घरातच, जोडीदाराच्या हातून, डोक्यावर पुन्हा पुन्हा मार बसतो त्या कोणत्याच मैदानावर नसतात, त्यांच्यासाठी कडेला कोणी डॉक्टर उभा नसतो. त्यांच्यावरचे संशोधन मोजक्या चिकाटीच्या लोकांनी केले आहे. त्याला मिळणारा निधी आणि प्रसिद्धी व्यावसायिक खेळाडूंच्या मेंदूंना मिळते त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

खेळाडूंच्या संशोधनाला माझा विरोध नाही. ग्लासगो विद्यापीठाने २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना २३,०२८ सामान्य लोकांशी केली आणि मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात सुमारे साडेतीन पट असल्याचे दाखवले, तेव्हा बेशुद्ध न पाडणारे लहान लहान धक्केही साठत जातात की काय, हा प्रश्न साऱ्या जगापुढे आला. माझा आक्षेप पैसा ज्या वाटेने येतो त्या वाटेला आहे. अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगने २०१२ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेला ३ कोटी डॉलर देऊ केले. २०१६ मध्ये अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) सदस्यांनी काढलेल्या अहवालाने, निधी कोणाला मिळावा यात लीगने अनुचित दबाव आणल्याचा ठपका ठेवला. २०१७ मध्ये करार संपला तेव्हा निम्म्याहून अधिक रक्कम शिल्लकच होती. ज्यांच्या धंद्याला निष्कर्षांची झळ पोहोचणार आहे, त्यांच्या हातात निवडीची दोरी असू नये, हे सांगायला मेंदूतज्ज्ञ लागत नाही.

संशोधन निरुपयोगी आहे असे कोणी माझ्या पत्रातून काढू नये. डोक्याला जबर मार लागलेल्यांना वर्षानुवर्षे स्टेरॉइड दिले जात होते. २००४ मध्ये १०,००८ रुग्णांच्या ‘क्रॅश’ चाचणीने दाखवले, की त्याने मृत्यू कमी होत नाहीत, उलट वाढतात : स्टेरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत २१ टक्के, न दिलेल्यांत १८ टक्के. त्या एका निकालाने किती जीव वाचले असतील याची मोजदाद नाही. तेव्हा उपचार बदलण्याची ताकद आपल्यात आहे. ती ‘सौम्य’ म्हटल्या जाणाऱ्या, संख्येने सर्वांत मोठ्या गटाकडे वळवा, एवढेच मागणे आहे. ते तपशीलवार असे.

‘सौम्य’ हे विशेषण डिस्चार्जच्या कागदावरून काढून टाकावे आणि ते केव्हा काढणार याची तारीख जाहीर करावी. गुणांची बेरीज हवी तर लिहावी, पण विशेषण नको.

सीटी किंवा रक्ततपासणी नॉर्मल असल्याच्या प्रत्येक अहवालावर, ती तपासणी काय सांगत नाही हे रुग्णाच्या भाषेत एका वाक्यात छापणे बंधनकारक करावे.

घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला पहिल्या ४८ तासांत काय करावे, त्यानंतर हालचाल कशी वाढवावी आणि कोणत्या लक्षणांवर धावत परत यावे हे एका पानावर लिहून द्यावे, आणि ‘गरज वाटल्यास’ ऐवजी दोन आठवड्यांनंतरची ठरलेली तारीख द्यावी. प्रत्यक्ष येणे शक्य नसेल तिथे फोन करावा. त्या भेटीत डोळे, तोल, मान, झोप आणि मन यांची प्राथमिक तपासणी व्हावी. यांतल्या कशालाही महागडे यंत्र लागत नाही.

निधी देणाऱ्यांनी यापुढे स्त्रिया, साठीच्या पुढचे, घरगुती हिंसेला बळी पडलेल्या व्यक्ती आणि गरीब देशांतील रुग्ण यांना वगळणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाकडून वगळण्याचे लेखी कारण मागावे आणि ते प्रसिद्ध करावे. परिणाम मोजताना माणूस स्वतःच्या मूळ कामावर किती परतला याची नोंद घेणारी मोजपट्टी ठरवावी, आणि ती ठरवताना ज्यांची कामे गेली त्यांना टेबलाशी बसवावे. खेळांच्या संघटनांचा पैसा घ्यावा, अवश्य घ्यावा, पण संशोधक निवडण्याचा अधिकार त्यांना कोणत्याही रूपात देऊ नये.

माझ्यापाशी त्या चार ओळींचा कागद आहे आणि वीस महिन्यांची एक वही आहे, जिच्यात रोज किती पाने वाचली, कितव्या पानावर ठणका सुरू झाला आणि किती चुका सुटल्या हे लिहिलेले आहे. माझ्यासारख्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारा कोणताही अभ्यास आपण सुरू करणार असाल, तर ती वही आणि मी, दोन्ही हजर आहोत.

हे पत्र अकरा सकाळींत लिहून झाले. त्याचे प्रूफ मी तपासलेले नाही. ते दुसऱ्या मुद्रितशोधकाकडून तपासून घेतले आहे.

आपली विश्वासू,
एक मुद्रितशोधक